घर विकायचं ठरलं, पण किंमत किती सांगायची?

आपल्यातली बरीच मंडळी पन्नास-साठच्या दशकात इथे आली आणि दिमोना, लोद, रामला, बेर-शेवा, अश्दोद इथल्या शिकूनमध्ये संसार थाटला. तीन-चार मजली इमारती, मआलित नाही. तेव्हा जिन्याचं काही वाटत नव्हतं. आता गुडघे ऐकत नाहीत आणि मुलं म्हणतात, "आमच्या जवळ राहायला या."

विकायचं ठरलं की पहिला प्रश्न किमतीचा. कमी सांगितली तर आयुष्यभराची कमाई हातची जाते, आणि पुढचं घर तर याच पैशातून व्हायचं असतं. फार जास्त सांगितली तर घर महिनोन्महिने पडून राहतं. मग लोक म्हणतात, "घरात काहीतरी खोट असणार." शेवटी थकून आपण खऱ्या किमतीपेक्षाही खाली उतरतो.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

शेजारी म्हणतो, "मी एवढे मागितले." याद-श्तायीमवरही आकडे दिसतात. हे सगळे मागितलेले आकडे, मिळालेले नव्हेत. प्रत्यक्ष झालेले व्यवहार रशूत हामिसीम, म्हणजे कर खात्याच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. पत्ता किंवा गुश-खेल्का घालायचा. नातवंडांना सांगा, ती काढून देतील.

आपल्याच रस्त्यावरचे, गेल्या वर्षभरातले तीन-चार व्यवहार घ्या. फारच कमी आकडा दिसला तर विचार करा: तिथे अर्धाच हिस्सा विकला गेला असेल, किंवा घर नातेवाइकांतच दिलं असेल. असा व्यवहार बाजूला ठेवा.

हिशेब कसा करायचा

किमतीला क्षेत्रफळाने भागा, म्हणजे एका चौरस मीटरचा भाव कळतो. आर्नोनाच्या बिलावरचं क्षेत्रफळ आणि ताबूतलं क्षेत्रफळ बऱ्याचदा जुळत नाही, म्हणून सगळीकडे एकच माप धरा. समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ:

पहिलं घर: 70 मीटर, पहिला मजला, किचन नवं केलेलं, 11,20,000 शेकेल. मीटरला 16,000.
दुसरं घर: 65 मीटर, तिसरा मजला, जुनंच, 9,75,000 शेकेल. मीटरला 15,000.
तिसरं घर: 72 मीटर, नवी इमारत, मआलित आणि ममाद आहे, 13,68,000 शेकेल. मीटरला 19,000.

आपलं घर 68 मीटरचं, तिसऱ्या मजल्यावर, मआलित नाही, फक्त न्हाणीघर नवं केलेलं. तिसऱ्या घराशी आपली तुलनाच नाही. 1991 च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांत ममाद बंधनकारक झाला, जुन्यांत तो बहुधा नसतो, आणि आज गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. म्हणून 15,000 ते 16,000 हा आपला भाव. म्हणजे घर 10,20,000 ते 10,88,000 च्या मध्ये बसतं, साधारण साडेदहा लाख.

घासाघीस होणारच, म्हणून तीन टक्के वर धरून 10,80,000 सांगा. आणि यापेक्षा खाली जायचं नाही असा एक आकडा मनात पक्का करा. तो मेतावेखलाही सांगू नका.

हातात किती येणार?

मेतावेखची फी बहुतेक ठिकाणी 2 टक्के आणि वर माआम. साडेदहा लाखांवर 21,000, त्यावर 18 टक्के माआम 3,780, मिळून 24,780 शेकेल. फीवर बोलणं करता येतं. ओरेख दिनची फी वेगळी. एकुलतं एक घर असेल तर मास शेवाख बहुधा माफ होतो, पण अटी असतात, त्या ओरेख दिनकडून तपासून घ्या. भागात पिनुई-बिनुईची योजना असेल तर ती कुठवर आली आणि हेतेल हशबाखा भरावा लागेल का, हे इरियात विचारा. योजनेमुळे भाव वाढू शकतो, पण नुसत्या "होणार, होणार" वर कोणी पैसे देत नाही.

कागदपत्रंही किमतीत मोजली जातात. जोडीदार वारला असेल आणि त्याचा हिस्सा अजून त्याच्याच नावावर असेल तर आधी वारसाहक्काचं काम पूर्ण करा. नाहीतर गिऱ्हाईक तेवढ्यावरून भाव पाडतं.

घाई करू नका

दारावर कोणी येऊन म्हणालं, "मावशी, रोख देतो, आजच सही करा," तर चहा द्या, सही देऊ नका. झिखरोन द्वारीम म्हणून अर्ध्या पानावर लिहिलेला कागदसुद्धा कायद्याने बांधून टाकू शकतो. ओरेख दिनने पाहिल्याशिवाय कशावरही सही नको.

आकड्याबद्दल शंका असेल, किंवा मुलांमध्ये मतभेद असतील, तर परवानाधारक शमाय बोलवा. फी आधीच विचारून घ्या. त्याने लेखी दिलेला आकडा सगळ्यांसमोर ठेवता येतो, आणि "आईने घर स्वस्तात घालवलं" असं पुढे कोणी म्हणत नाही.

महिना-दीड महिना झाला, लोक बघून जातात पण कोणी आकडा बोलत नाही, तर किंमत जास्त आहे असं समजा आणि थोडी उतरवा. पहिल्याच दिवशी चार जण धावत आले तर लगेच हो म्हणू नका. किंमत कमी तर सांगितली नाही ना, हिशेब पुन्हा एकदा पाहा.