मॅचला गेलेली मुलं, मागे राहिलेल्या आया

पोरगं परगावी मॅच बघायला निघालं की आईची यादी सुरू होते. पैसे आतल्या खिशात ठेव, उन्हात पाणी पीत राहा, मित्रांची साथ सोडू नकोस, उशीर होणार असेल तर फोन कर. आपल्याकडे क्रिकेट, तिकडे इंग्लंडात फुटबॉल, एवढाच काय तो फरक. आई सगळीकडची सारखीच!

इंग्लंडात परगावची कपची मॅच म्हणजे जवळजवळ आपली जत्राच. आपापल्या टीमच्या रंगाचे मफलर गळ्यात घालायचे, बसगाड्या, रेल्वे, मोटारी भरून निघायचं, वाटेत गाणी म्हणायची, जिंकलो तर नाचत आणि हरलो तर कुरकुरत रात्री घरी यायचं. बाप लेकाला नेतो, आजोबा नातवाला. मुली, बायकाही हौसेनं जातात. एफए कप ही तर तिथली सगळ्यात जुनी स्पर्धा, १८७१ साली सुरू झालेली.

१५ एप्रिल १९८९, शनिवार. या कपची सेमीफायनल होती, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. सेमीफायनल दोघांच्याही घरी नाही, तिसऱ्याच गावी खेळवायची पद्धत होती. त्यामुळे मैदान ठरलं शेफिल्डचं हिल्सबरो. लिव्हरपूलच्या लोकांसाठी २४ हजार तिकिटं होती. फॉर्म्बी गावचा केविन विल्यम्स निघाला, वय वर्षं १५. जेम्स अ‍ॅस्पिनॉल निघाला, १८ वर्षांचा. हिक्स कुटुंब तर सगळंच निघालं, आई जेनी, वडील ट्रेव्हर आणि दोन मुली, १९ वर्षांची सारा आणि १५ वर्षांची विकी. सगळ्यात लहान होता जॉन-पॉल गिलहूली, फक्त १० वर्षांचा.

मैत्रिणींनो, आता ही नावं वाचतानाच तुमच्या लक्षात आलं असेल. यातली मुलं परत आली नाहीत. मॅच बघायला गेलेली ९७ माणसं त्या मैदानानं गिळली. त्यात सात मुली-बायका होत्या.

काय घडलं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी लढाई त्यावरच आहे. लिव्हरपूलच्या लोकांना मैदानाची लेपिंग्ज लेन ही बाजू दिली होती. तिथे उभं राहून मॅच बघायची. उभ्यानं बघणारे दहा हजारांहून जास्त आणि त्यांना आत घ्यायला फिरती लोखंडी दारं किती? फक्त सात! एकेक माणूस दार फिरवून आत जाणार. तीन वाजता मॅच सुरू व्हायची होती, अडीच वाजता बाहेर ही गर्दी तुंबली. मॅच पंधरा-वीस मिनिटं पुढे ढकलली असती तरी भागलं असतं. ती ढकलली नाही. उलट २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर जाण्याचं मोठं गेट उघडलं. त्यातून दोन हजारांच्या आसपास माणसं आत आली.

आत आल्यावर समोर एक बोगदा दिसायचा. तो नेमका मधल्या दोन कप्प्यांत उघडत होता, आणि ते कप्पे आधीच ठासून भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे जा म्हणून सांगायला कुणी उभं नव्हतं. बोगद्याचं तोंड बंद करायलाही कुणी नव्हतं. पुढे उंच लोखंडी जाळी, बाजूला जाळी, मागून येणारा लोंढा. मागच्यांना कळेना पुढे काय चाललंय, पुढच्यांना श्वास घेता येईना. मॅच सुरू झाली आणि सहा मिनिटांत थांबवावी लागली.

मग मदतीला धावलं कोण? प्रेक्षकच. ज्यांना नंतर दारुडे, गुंड म्हटलं गेलं, त्याच पोरांनी जाहिरातींचे फलक उपटले, त्यांचं स्ट्रेचर केलं आणि माणसं उचलून नेली. बाहेर चाळीसच्या वर अ‍ॅम्ब्युलन्स येऊन उभ्या राहिल्या होत्या. मैदानात पोचल्या दोन-तीनच. ट्रेव्हर हिक्सनी आपल्या दोन्ही मुली मैदानावर शेजारी शेजारी आडव्या पाहिल्या. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये विकीला ठेवलं, त्यात ते चढले आणि सारा मागे राहिली. कोणत्या मुलीबरोबर जायचं हे एका बापाला त्या क्षणी ठरवावं लागलं. दोघीही वाचल्या नाहीत.

मैदानाजवळच्या व्यायामशाळेत शव ठेवली होती. आईवडिलांना आधी फोटो दाखवले, मग मूल दाखवलं. आणि त्यानंतर प्रश्न काय विचारले? तुमचा मुलगा दारू पीत होता का? मेलेल्या लहान मुलांच्या रक्तातसुद्धा दारू तपासली! पोरगं गेलंय, डोळ्यांतलं पाणी खळत नाही आणि समोरचा कागद-पेन घेऊन तुमच्या संस्कारांची चौकशी करतोय, ही कल्पना करून बघा.

का बरं असं केलं? तर दोष ढकलायला कुणीतरी हवं होतं. मॅचच्या बंदोबस्ताचे प्रमुख असलेल्या पोलीस अधिकाऱ्यानं त्याच दुपारी फुटबॉलच्या पदाधिकाऱ्यांना सांगून टाकलं की प्रेक्षकांनी जबरदस्तीनं गेट तोडलं. गेट उघडायचा हुकूम त्यांनी स्वतः दिला होता! हे खोटं होतं अशी कबुली त्यांनी दिली ती २०१५ साली. चारच दिवसांत ‘द सन’ या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर ‘सत्य’ असा मथळा देऊन छापलं की लिव्हरपूलच्या लोकांनी मेलेल्यांचे खिसे कापले. लिव्हरपूलच्या लोकांनी या पेपरवर जो बहिष्कार घातला तो कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. पेपरनं पहिल्या पानावर माफी छापली २०१२ मध्ये.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव, खरं काय ते सुरुवातीलाच कळलं होतं. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीनं ऑगस्ट १९८९ मध्येच सांगितलं होतं की मुख्य कारण म्हणजे पोलिसांचा गर्दीवरचा ताबा सुटला. पण अहवाल येऊनही शिक्का बसला तो बसलाच. मृत्यूची कारणं ठरवणारा अधिकारी, ज्याला तिकडे कोरोनर म्हणतात, त्याच्यासमोरची चौकशी १९९१ मध्ये संपली आणि निकाल लागला ‘अपघाती मृत्यू’. त्यातही एक अजब नियम लावला होता. सव्वातीनच्या पुढे काय घडलं ते बघायचंच नाही, म्हणे तोवर सगळ्यांचा जीव जाणं ठरून गेलेलं होतं.

इथे केविनची आई उभी राहिली. अ‍ॅन विल्यम्स. काही फार शिकलेली नाही, वकील नाही, ओळखीपाळखी नाहीत. फॉर्म्बीत पेपर-मासिकांच्या दुकानात अर्धवेळ काम करणारी साधी बाई. तिनं एकच गोष्ट धरून ठेवली. माझा मुलगा सव्वातीनला गेला हे कशावरून? तिनं साक्षीदार शोधले, त्यांच्या घरी गेली. एका महिला विशेष कॉन्स्टेबलनं तिला सांगितलं की चारच्या सुमाराला केविन माझ्या हातांवर होता, त्यानं डोळे उघडले, ‘मम्’ म्हणाला आणि गेला. म्हणजे आई. या कॉन्स्टेबलवर नंतर दबाव आणून तिचा जबाब बदलून घेतला होता.

आपल्या लेकराचा शेवटचा शब्द आपलं नाव होतं आणि सरकारी कागद म्हणतो की तेव्हा तो जिवंतच नव्हता! अ‍ॅन गप्प कशी बसणार? तिनं शवचिकित्सेचे कागद स्वतः वाचायला शिकून घेतलं, नामवंत डॉक्टरांची मतं मिळवली. निकाल पुन्हा तपासा म्हणून तिनं सरकारी कायदे अधिकाऱ्याकडे तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा नाही आलं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली, तिथूनही २००९ मध्ये नकार आला. घरी येऊन पुन्हा फाइल उघडली.

ती एकटी नव्हती. जेम्सची आई मार्गारेट अ‍ॅस्पिनॉल, जेनी हिक्स आणि कितीतरी घरं एकत्र आली, त्यांनी संघटना बांधली. पहिल्या चौकशीत पोलिसांचे वकील सरकारी पैशानं उभे होते आणि या घरांनी आपापसांत पैसे गोळा करून सगळ्यांत मिळून एक वकील केला होता. मतभेद झाले, भांडणं झाली, वेगवेगळे गट पडले. घरात माणूस गेल्यावर भावकीत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पण मागणी कुणी सोडली नाही. दरवर्षी १५ एप्रिलला लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानात लोक जमत राहिले. २००९ साली, विसाव्या स्मृतिदिनाला, एक मंत्री भाषणाला उभे राहिले तेव्हा हजारो लोकांनी न्यायाच्या घोषणा देऊन त्यांना थांबवलं. त्यानंतर सरकारनं स्वतंत्र समिती नेमली आणि दडवलेले कागद बाहेर आले.

१२ सप्टेंबर २०१२ ला समितीचा अहवाल आला. पोलिसांचे १६४ जबाब बदललेले होते. त्यांतल्या ११६ जबाबांतून पोलिसांवर टीका करणारा मजकूर काढून टाकला होता. आणि वेळेवर मदत मिळाली असती तर ४१ जण कदाचित वाचले असते. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. डिसेंबरात उच्च न्यायालयानं जुना निकाल रद्द केला. अ‍ॅनला तोवर कॅन्सर झाला होता, तरी ती कोर्टात हजर होती. एप्रिल २०१३ मध्ये ती अ‍ॅनफिल्डवरच्या स्मृतिदिनाला आली आणि तीन दिवसांनी गेली. निकाल तिला ऐकता आला नाही.

तो निकाल लागला २६ एप्रिल २०१६ रोजी. सामान्य नागरिकांच्या ज्यूरीनं दोन वर्षं साक्षी ऐकून सांगितलं की हा अपघात नव्हे, या माणसांचा बेकायदा बळी गेला. आणि प्रेक्षकांचा काही दोष नव्हता. हे दुसरं वाक्य मला पहिल्याइतकंच मोठं वाटतं. कारण त्या गर्दीतून जे जिवंत परत आले, त्यांनी सत्तावीस वर्षं मनात काय काय वागवलं! मी का वाचलो? मागून ढकलणाऱ्यांत मी तर नव्हतो? शेजारच्या पोराचा हात माझ्या हातून का सुटला? कित्येकांनी बायकोमुलांपाशीसुद्धा कधी तोंड उघडलं नाही. त्यांच्या डोक्यावरचं ओझं त्या एका वाक्यानं उतरलं.

अँड्र्यू डिव्हाइनची गोष्ट तर घराघरातल्या बायांना कळेल अशी आहे. त्या दिवशी तो २२ वर्षांचा होता. मेंदूला इजा झाली, तो फार काळ जगणार नाही असंच डॉक्टरांना वाटत होतं. आईवडिलांनी आणि घरच्यांनी त्याचं सगळं केलं, एक-दोन नाही, ३२ वर्षं. २०२१ च्या जुलैत तो गेला आणि हिल्सबरोचा ९७ वा बळी म्हणून त्याची नोंद झाली.

शिक्षा कुणाला झाली, असं विचाराल. बंदोबस्ताचे प्रमुख २०१९ मध्ये खटल्यातून निर्दोष सुटले. मैदानाच्या क्लबच्या सेक्रेटरीला साडेसहा हजार पौंड दंड झाला. बस्स, एवढंच. म्हणून मग या घरांनी पुढची मागणी धरली. सरकारी अधिकाऱ्यांना चौकशीत खरं सांगणं बंधनकारक करा, आणि सरकारला वकील मिळतो तसा मेलेल्यांच्या घरच्यांनाही सरकारी खर्चानं मिळू द्या. ‘हिल्सबरो कायदा’ म्हणून ओळखलं जाणारं हे विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडलं गेलं. स्वतःची मुलं परत येणार नाहीत हे माहीत असूनही या आया दुसऱ्यांच्या मुलांसाठी लढल्या.

हे सगळं लांबचं म्हणून सोडून देता येत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बेंगालची मॅच बघायला गेलेले १६ जण परत आले नाहीत. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या जत्रेत जवळपास तीनशे भाविक गेले. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या क्रिकेट स्टेडियमबाहेर विजयाचा आनंद करायला आलेले ११ जण चेंगरले. आणि असं काही झालं की आपल्या ओट्यावर पहिलं वाक्य काय येतं? ‘लोकांना शिस्तच नाही मेली!’ गेलेल्याला दोष देणं सोपं असतं, तो उलटून बोलत नाही. पण वाट किती रुंद होती, दारं किती होती, मागच्यांना थांबवायला कोण उभं होतं, हे प्रश्न आधी विचारायला नकोत?

सामाजिक कामाच्या निमित्तानं अपघातात माणूस गेलेल्या घरी जावं लागतं. तिथे बाईच्या पुढे कागद येतो आणि ती रडत रडत, न वाचता अंगठा किंवा सही करून मोकळी होते. पंचनाम्याची नक्कल घेतलेली नसते, शवचिकित्सेचा अहवाल मागितलेला नसतो, त्या वेळी जवळ कोण होतं त्यांची नावं लिहून ठेवलेली नसतात. दुःखात हे कसं सुचणार, हे खरंच. म्हणून हे शेजारणीनं करायचं, नणंदेनं, मैत्रिणीनं करायचं. कागद तिला वाचून दाखवायचा, नक्कल मागायची आणि एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवायची. मिळत नसेल तर २००५ पासून आपल्या हाताशी माहितीचा अधिकार आहे, त्याखाली साध्या कागदावर अर्ज करता येतो.

अ‍ॅन विल्यम्सपाशी शेवटी एवढंच तर होतं. दुकानातून घरी आल्यावर उघडायची कागदांची फाइल आणि आपला मुलगा किती वाजता गेला हा एक साधा प्रश्न. तो प्रश्न तिनं शेवटपर्यंत विचारला आणि अख्ख्या सरकारला त्याचं उत्तर शोधावं लागलं.