बर्फावरची खडी

ईगल प्लेन्सच्या पंपावर मी डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरून घेते आहे. मागचा पंप ३६९ किलोमीटर मागे, क्लोंडाइक हायवेच्या फाट्यावर राहिला. पुढचा फोर्ट मॅकफर्सनला, इथून साधारण १८० किलोमीटरवर. मधल्या पट्ट्यात दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. कॅनडाच्या युकॉनमधून निघून इनुविकला पोचणारा हा डेम्पस्टर हायवे ७३६ किलोमीटरचा. दोन्ही टोकांचं थोडंसं डांबर सोडलं, तर सगळी खडीच.

बाबा खाली उतरून गाडीभोवती फिरताहेत. उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेलेला माणूस. एडमंटनला माझ्याकडे आले, तरी गाडी निघण्याआधीची ही फेरी काही सुटत नाही. टायरच्या खाचेत अडकलेला दगड ते पान्याच्या टोकाने उकरून काढतात आणि तळहातावर घेऊन मला दाखवतात. काळपट, चपटा, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड. "कड बघ गं याची. टायर चिरायला एवढी पुरे. हवा आणखी थोडी कमी करू." मागे दोन स्टेपन्या आहेत, तरी ते प्रत्येक टायरपाशी वाकतात.

आमचा कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यावर बसवलेली एक खोली. झोपायची जागा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज. चार कोपऱ्यांतल्या चार टर्नबकलनी ती ट्रकला आवळून ठेवलेली. रस्त्यावरच्या पन्हळींनी गाडी तासन् तास थरथरत राहते आणि टर्नबकल सैल होतात. मी एकेक हाताने हलवून बघते. उजवीकडचा मागचा खुळखुळतो. दोन वेढे देऊन घट्ट करते. आत सगळ्यावर धुळीचा पातळ थर बसलाय. मिसळणाचा डबा टॉवेलात गुंडाळलेला आहे, म्हणून तेवढा बचावला.

निघतो. जेमतेम अर्ध्या-पाऊण तासात आर्क्टिक वृत्ताची पाटी येते, ६६ अंश ३३ मिनिटे उत्तर. जुलैचा महिना आहे. रात्री अकरालाही ऊन असतं आणि झोपताना खिडक्यांवर जाड पडदे ओढावे लागतात. पाटीपाशी उतरताच डास चेहऱ्यावर येतात. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत टुंड्रा, मध्येच गुलाबी फायरवीडचे पट्टे. पोर्क्युपाइन कॅरिबूंचा कळप हिवाळ्यात या बाजूला उतरतो. आता तो दूर समुद्राकडच्या मैदानात आहे.

रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बराच उंच आहे. बाबांच्या नजरेतून ते सुटत नाही. "एवढा भराव कशाला? इथे पुराचं पाणी येतं का?"

मी सांगते. खालची जमीन हजारो वर्षं गोठलेली आहे. उन्हाळ्यात फक्त वरचा थर विरघळतो. तिच्यावर थेट रस्ता केला, तर ऊब खाली जाते, बर्फ वितळतो आणि रस्ता चिखलात बसतो. म्हणून कुठे सव्वा मीटर, कुठे दोन मीटरच्याही वर खडीचा थर घातलाय. ऊब बर्फापर्यंत पोचू नये, एवढंच त्याचं काम. १९५९ मध्ये बांधकाम सुरू झालं, मध्ये अनेक वर्षं रखडलं, आणि १९७९ मध्ये रस्ता खुला झाला.

बाबा थोडा वेळ बाहेर बघत राहतात. मग म्हणतात, "म्हणजे बंदरावर बर्फाच्या लादीवर भुसा टाकायचे, वर गोणपाट, तसंच की. आपण त्या भुशावरून चाललोय."

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. पुढच्या वळणावर काळ्या स्प्रूसची झाडं दिसतात. एक डावीकडे कललेलं, एक उजवीकडे. मुळांखालचा बर्फ हलला की झाडं अशी वेडीवाकडी होतात.

समोर धुळीचा लोट उठतो. इनुविककडून येणारा मालट्रक. मी वेग अगदी उतरवते आणि गाडी कडेला घेते. तोही वेग कमी करतो, जाताना स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो. एक खडा बॉनेटवर टणकन आपटतो, काच वाचते. कोणी वेग न उतरवता गेलं, तर समोरच्याची काच फुटलीच म्हणून समजा, आणि दुरुस्तीची जागा शेकडो किलोमीटरवर. बाबाही हात वर करून त्या ड्रायव्हरला उत्तर देतात.

रिचर्डसन पर्वताची चढण लागते. झाड नावाला नाही. नुसते गवताचे गोल डोंगर आणि वारा. हिवाळ्यात हा वारा इतका पिसाळतो, की रस्ता बंद करावा लागतो. राइट पासला युकॉन संपून नॉर्थवेस्ट टेरिटरीज सुरू होते, आणि तिथून पील नदीकडे लांबच लांब उतार. ब्रेकवर पाय न ठेवता मी खालच्या गिअरवर येते. बाबा मान डोलावतात, बोलत नाहीत.

या उतारावर दूरवर डोंगराला मोठी जखम दिसते. हिरव्या गवतात अर्धवर्तुळाकार कडा तुटलेला, त्याखाली राखाडी चिखल ओघळत गेलेला. आतला बर्फ उघडा पडला, की उन्हाने तो वितळतो, वरची माती कोसळते आणि नवा बर्फ उघडा पडतो. पीलच्या पठारावर अशा जखमा बऱ्याच आहेत. उत्तर ध्रुवाकडचा हा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा खूप वेगाने तापतोय. खडीचा थर जाड ठेवून रस्त्याखालचा बर्फ सांभाळता येईल, डोंगराचा कसा सांभाळणार?

पीलवर पूल नाही. हिवाळ्यात नदी गोठते तेव्हा बर्फावरून रस्ता होतो, उन्हाळ्यात फेरी. शरदात नदी गोठताना आणि वसंतात बर्फ फुटताना काही आठवडे दोन्ही नसतात, आणि पलीकडच्या गावांना ताजं सामान विमानाने आणावं लागतं. फेरीचं तिकीट नाही. धक्काही नाही. लोडरने लोटलेल्या खडीचा उतार, तोच पाण्याच्या पातळीप्रमाणे मागेपुढे सरकवायचा.

नारिंगी जॅकेटातला माणूस तळवा दाखवून मला थांबवतो. फेरी लागलेली आहे, पुढे जागाही दिसतेय. तो मात्र उतारावर खाली जाऊन खडी पायाने दाबून बघतो आणि लोडरवाल्याला खूण करतो. आणखी एक बादली खडी पडते. मग बोटांनी मला बोलावतो, थोडं डावीकडे, आणखी डावीकडे, सावकाश. कॅम्परची शेपटी जमिनीला टेकता टेकता फळी ओलांडते. "बघितलंस?" बाबा म्हणतात. "नदी त्याची आहे. तो सांगेल तसं."

पलीकडे, दहा-बारा किलोमीटरवर फोर्ट मॅकफर्सन, तेत्लित ग्वीचिन लोकांचं गाव. चर्चच्या आवारात चार पोलिसांची कबर आहे. डिसेंबर १९१० मध्ये इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तिघांना घेऊन कुत्र्यांच्या गाड्यांवर इथून डॉसनला निघाला. ईसॉ जॉर्ज हा स्थानिक वाटाड्या काही अंतर सोबत होता, त्याला परत पाठवलं. पुढे वाट चुकली, अन्न संपलं, आणि परत येताना चौघेही मेले. शेवटचे दोघे गावापासून चाळीसेक किलोमीटरवर. मार्च १९११ मध्ये त्यांना शोधून काढणाऱ्या तुकडीचा प्रमुख होता विल्यम डेम्पस्टर. त्याच्यासोबत चार्ली स्टुअर्ट हा ग्वीचिन वाटाड्या होता. आपल्या या रस्त्याला नाव त्याच डेम्पस्टरचं. बाबा टोपी काढून कबरीपाशी उभे राहतात.

उत्तरेच्या या वाटेला यायचं मनात असेल, तर जरूर या. दोन स्टेपन्या घ्या, पंप दिसेल तिथे टाकी भरा, समोरून गाडी आली की वेग उतरवा. आणि इथल्या माणसाने थांब म्हणून हात दाखवला, की का म्हणून न विचारता थांबा.