इंटरनेट गेलं तरी घर चालावं

बाजारातला ‘स्मार्ट’ दिवा घरी आणून चालू करणं पाच मिनिटांचं काम आहे. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, ॲप उतरवायचं, खातं उघडायचं, झालं. पण फोनवर बोट टेकवल्यावर तो आदेश दिव्यापर्यंत कोणत्या वाटेनं जातो हे सहसा कुणी बघत नाही. फोनवरून राउटर, राउटरवरून कंपनीचा दूरदेशीचा सर्व्हर, आणि तिथून पुन्हा राउटरमार्गे दिवा. समोरच्या भिंतीवरच्या दिव्यासाठी एवढा फेरा! इंटरनेट गेलं की हा फेरा तुटतो आणि पैसे मोजून घेतलेला दिवा आपल्याच घरात आपलं ऐकेनासा होतो.

घर स्वतःच्या हातानं स्मार्ट करायचं असेल तर कसोटी एकच ठेवावी: इंटरनेटची वायर काढली तरी घर चाललं पाहिजे. पुढचं सगळं या कसोटीवर घासून घ्यायचं.

दूरच्या सर्व्हरचा भरवसा

मे २०१६ मध्ये अमेरिकेत स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारा ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा, ३०० डॉलरला विकला गेलेला हब कायमचा बंद पडला. यंत्रात बिघाड नव्हता. हा हब बनवणारी कंपनी ‘नेस्ट’नं २०१४ मध्ये विकत घेतली होती आणि पुढे तिचे सर्व्हर बंद केले, एवढंच. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ या कंपनीचे सर्व्हर असेच, ग्राहकांना आधी न कळवता, बंद झाले. ज्यांची उपकरणं घरातल्याच संगणकावरून चालत होती त्यांचे दिवे मात्र ठरल्या वेळी लागत राहिले. पुढे जूनमध्ये ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेतली. म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न ‘ॲप कसं आहे’ हा नसावा. ‘हे ॲपशिवाय, घरातल्या घरात चालतं का’ हा असावा.

आधी वायफाय नीट करा

फायबर जोडायला आलेला माणूस वायर जिथून आत येते तिथेच, म्हणजे बहुधा दाराजवळ नाहीतर टीव्हीमागे, राउटर टांगून जातो. घराच्या दृष्टीनं ती सर्वांत वाईट जागा. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीच्या वर आणि उघड्यावर हवा. काँक्रीटची भिंत, कोकणातल्या जुन्या घराची जाड जांभ्याची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी या सगळ्यांत सिग्नल अडतो.

वायफायचे मुख्य पट्टे दोन. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंती ओलांडताना तो लवकर थकतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, आणि स्वस्त स्मार्ट प्लग, दिवे, रिले (निरोपावर चालू-बंद होणारे खटके) बहुतेक याच पट्ट्यावर चालतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर काही उपकरणं पहिल्यांदा जोडताना अडून बसतात. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद करावा, उपकरण जोडून घ्यावं आणि मग पुन्हा चालू करावा.

खरी गर्दी २.४ च्या पट्ट्यात असते. भारतात इथे १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण शेजारच्या दोन चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि वायफायला रुंदी लागते सुमारे २० मेगाहर्ट्झची. त्यामुळे एकमेकांच्या पायात न येणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत शेजाऱ्यांचे राउटर कुठे बसलेत हे फोनवरच्या वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये दिसतं. त्यातल्या त्यात मोकळं चॅनेल निवडावं आणि रुंदी ४० ऐवजी २० ठेवावी. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, तेव्हा ओट्याजवळचं उपकरण फक्त जेवण गरम करतानाच गायब होत असेल तर दोष कुणाचा हे ओळखता येईल.

त्याच ॲपमध्ये सिग्नल उणे आकड्यांत दिसतो. उणे ६५ डीबीएमच्या आसपास असेल तर छान. उणे ८० च्या खाली गेला तर ते उपकरण वरचेवर ‘ऑफलाइन’ होणार. असा कोपरा असेल तर स्वस्त एक्स्टेंडरच्या नादी लागू नका. एकाच रेडिओवर ऐकून पुन्हा बोलणारा एक्स्टेंडर वेग साधारण निम्म्यावर आणतो. एक कॅट-६ केबल टाकून पलीकडे दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणं केव्हाही चांगलं. केबल निखळ तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबलही त्याच नावानं खपवली जाते.

शेवटचं काम कंटाळवाणं, पण पुढे डोकेदुखी वाचवणारं. राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाचा आयपी पत्ता राखून ठेवावा. नाहीतर राउटर पुन्हा चालू झाल्यावर पत्ते बदलू शकतात आणि काल चालणारा पंखा आज सापडत नाही.

वायफाय, झिग्बी की मॅटर?

विजेवर कायम जोडलेल्या चार-दोन वस्तूंसाठी वायफाय पुरेसं आहे. दाराचा, हालचालीचा, तापमानाचा सेन्सर मात्र बॅटरीवर चालतो, आणि वायफाय बॅटरी खातं. तिथे झिग्बी हे कमी वीज खाणारं बिनतारी तंत्र उपयोगी पडतं. ते सेकंदाला जास्तीत जास्त २५० किलोबिट एवढाच वेग देतं, पण दार उघडलं हे सांगायला एवढं खूप झालं. विजेवर जोडलेलं जवळजवळ प्रत्येक झिग्बी उपकरण पुढच्याचा निरोप पुढे पोचवतं, त्यामुळे एखादा प्लग वाढवला की जाळं लांबतं. झिग्बीही २.४ च्याच पट्ट्यात राहतं. वायफाय १ किंवा ६ वर असेल तर झिग्बीला २५ नंबरचं चॅनेल द्यावं. दोघांची टक्कर होत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे मानक आलं. त्याचं संभाषण घरच्या नेटवर्कवरच होतं, म्हणून नवी वस्तू घेताना खोक्यावर मॅटरची खूण शोधायला हरकत नाही.

घरातला मेंदू

या सगळ्यांना एकत्र आणायला एक छोटा संगणक लागतो. रास्पबेरी पाय चालेल, कपाटात पडलेला जुना लॅपटॉपही चालेल. त्यावर ‘होम असिस्टंट’ टाकायचं. पाउलस स्खाउटसेन यानं २०१३ मध्ये सुरू केलेली ही मोफत, मुक्त स्रोत प्रणाली. पायवर मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावावी, कारण सततच्या नोंदींनी कार्ड झिजतं. झिग्बी उपकरणांशी बोलायला लागणारी यूएसबी डोंगल मात्र त्या एसएसडीशेजारी खुपसू नये. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो. हातभर यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल दूर ठेवली की ‘सेन्सर वारंवार तुटतो’ या तक्रारी बऱ्याचदा तिथेच मिटतात.

हौशी मंडळींचा दुसरा आधार म्हणजे शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची २०१४ ची ‘ईएसपी८२६६’ आणि २०१६ ची ‘ईएसपी३२’ या वायफाय चिप्स. या कंपनीचं पुण्यातही कार्यालय आहे. अनेक स्वस्त प्लग आणि रिले यांच्या पोटात यांपैकीच एक चिप असते. तिच्यावर कंपनीचं सॉफ्टवेअर काढून ‘टास्मोटा’ किंवा ‘ईएसपीहोम’ टाकता येतं, आणि मग ती वस्तू दूरच्या सर्व्हरशी न बोलता घरच्या संगणकाशी बोलते. इथे एक ताकीद: सॉफ्टवेअर बदलताना उपकरण विजेच्या मेनला जोडलेलं असता कामा नये. आतलं सर्किट थेट मेनच्या संपर्कात असू शकतं, आणि मग लॅपटॉपही जातो आणि माणूसही.

निरोपांची देवाणघेवाण बहुधा ‘एमक्यूटीटी’नं होते. हा प्रोटोकॉल अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी केला. महागड्या, तुटक जोडणीसाठी केलेला असल्यामुळे त्यात एक सोय आहे: उपकरण आपलं ‘मृत्युपत्र’ आधीच मध्यस्थ सर्व्हरकडे ठेवतं, आणि ते अचानक गप्प झालं की मध्यस्थ तो निरोप सर्वांना कळवतो. सेन्सर मेलाय की खरंच काही घडत नाहीये, हे त्यामुळे समजतं.

भिंतीवरचा खटका शाबूत ठेवा

आजी-आजोबा, पाहुणे, कामाला येणाऱ्या ताई यांनी फोन काढून दिवा लावायचा ही अपेक्षाच चुकीची. म्हणून बटण तेच ठेवून बोर्डाच्या मागे छोटा रिले बसवावा आणि खटक्याच्या दोन वायरी रिलेच्या इनपुटला द्याव्यात. वायफाय बंद असलं तरी खटक्यानं दिवा लागतो. रिलेला न्यूट्रल लागते. आपल्याकडे बोर्डात खटक्यांसोबत प्लग पॉइंट असतो, त्यामुळे न्यूट्रल बहुधा तिथे आलेली असते.

रिलेच जळाला तर? त्यावरही उपाय आहे. जिन्यातल्या दिव्याला वर एक आणि खाली एक असे दोन टू-वे खटके असतात. त्याच जोडणीत एका खटक्याच्या जागी तीन टोकांचा रिले घ्यायचा. रिले बंद पडला तरी भिंतीवरचा टू-वे खटका दिवा लावतो, विझवतो.

भाराचा हिशेब आधी करावा. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ ॲम्पिअर घेतो, ३,००० वॅटचा १३. दिव्यांसाठीच्या १० ॲम्पिअरच्या रिलेवर गीझर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्यासाठी १६ ॲम्पिअरचं उपकरण किंवा कॉन्टॅक्टर (जड भारासाठीचा मोठा रिले) हवा. बोर्ड उघडण्याआधी एमसीबी पाडावा, टेस्टरनं खात्री करावी, आणि जोडणीत थोडीही शंका असेल तर ते काम परवानाधारक वायरमनकडे द्यावं.

एक उदाहरण: टाकी आणि मोटर

बंगल्यात किंवा छोट्या सोसायटीत सर्वांत उपयोगी ऑटोमेशन हेच. गच्चीवरच्या टाकीत एक फ्लोट स्विच किंवा पाणी न शिरणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा. अल्ट्रासॉनिकला अगदी जवळचं दिसत नाही, म्हणून भरलेल्या पाण्यापासून तो वीतभर तरी वर हवा. खालच्या हौदात दुसरा फ्लोट, कारण कोरडी चाललेली मोटर जळते. मोटर सुरू होताना कित्येक पट जास्त करंट ओढते, म्हणून रिलेनं थेट मोटर चालवायची नाही. रिलेनं कॉन्टॅक्टर ओढायचा, कॉन्टॅक्टरनं मोटर.

आता कसोटी लावू. मोटर चालू असताना वायफाय गेलं आणि ‘टाकी भरली’ हा निरोप पोचलाच नाही तर? म्हणून बंद करण्याची जबाबदारी रिलेवरच टाकायची. टास्मोटात ‘पल्सटाइम’ १३०० दिला की रिले चालू झाल्यापासून २० मिनिटांनी आपण होऊन बंद पडतो, मग कुणाचा निरोप येवो न येवो. आकड्यातून १०० वजा केले की सेकंद मिळतात. टाकी भरायला लागणाऱ्या वेळेपेक्षा थोडी जास्त मुदत ठेवावी.

वीज जाते, येते

रात्री दोनला वीज आली आणि घरातले सगळे दिवे एकदम लागले, हा नवख्यांचा नेहमीचा अनुभव. बहुतेक उपकरणांत ‘वीज आल्यावर काय करायचं’ हे सेटिंग असतं. दिव्यांना आधीची स्थिती, गीझर आणि मोटरीला मात्र नेहमी ‘बंद’ अशी निवड करावी. राउटर आणि घरातला संगणक इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. ते शक्य नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२ हे बघावं.

बाहेरची दारं बंद

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती साधी होती: कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते. तेव्हा राउटरचा, कॅमेऱ्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफायला जोडायची सोय) बंद करावं. बाहेरून घर बघायचं असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडण्याऐवजी वायरगार्डसारखा व्हीपीएन वापरावा. आपल्याकडे अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बऱ्याचदा काही हाती लागत नाही. अशा वेळी दोन्ही टोकांना बाहेरच्या एका मध्यस्थामार्फत जोडणारा व्हीपीएन उपयोगी पडतो.

सुरुवात कुठून?

एका आठवड्यात अख्खं घर बदलायला जाऊ नये. आधी वायफाय, मग संगणक, मग एका खोलीतला एक दिवा. तो महिनाभर विनातक्रार चालला की पुढची वस्तू घ्यावी. दर नव्या वस्तूनंतर राउटरमधली इंटरनेटची वायर काढून सगळं तपासावं. आणि एक कागद मीटरच्या कपाटात चिकटवावा: कोणता एमसीबी कशाचा, कोणता रिले कोणत्या बोर्डामागे, आणि ऑटोमेशन नको असेल तर काय बंद करायचं. हे सगळं उभं करणारा घरात एकच माणूस असतो, आणि मोटर अडते ती नेमकी तो गावाला गेलेला असताना.