उनकेश्वरची वाट

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे किनवट तालुक्यात ज्या उनकेश्वराला जाऊन भिडते, तेथील गंधकयुक्त उष्णोदकाच्या कुंडांची वाट कळमनुरी, औंढा, वसमत या बाजूच्या गुडघेदुखीने जेरीस आलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तुडवली आहे. शरभंग ऋषींच्या व्याधीचे निवारण व्हावे म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले, ही कथा प्रत्येक यात्रेकरूच्या ओठी असे.

निजामाच्या अमलात बैलगाडीने मुक्काम करीत होणारी ही यात्रा पुढे एस.टी.ने होऊ लागली. 1948 साली राज्य पालटले, 1960 साली महाराष्ट्र झाला, 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. पण गुडघ्यांचे दुखणे मात्र सर्व राजवटींत तेच राहिले. उभा जन्म हळदीच्या रानात निंदण्या-खुरपण्यात घालवलेल्या माझ्या आजीला कुंडात उतरताना दोघींचा आधार लागे. लुगडे सावरून घटकाभर त्या उन्ह पाण्यात उभी राहिली, पाय हळूहळू दुमडू-उलगडू लागली, की वर येताना ती एकटीच पायऱ्या चढे. घरी परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत मात्र पुन्हा निर्गुडीच्या पाल्याचा शेक सुरू होई.

त्या चार दिवसांच्या आरामाचे मर्म आज उमगते. छातीपर्यंतच्या पाण्यात शरीराचा सुमारे दोन-तृतीयांश भार पाणीच उचलते, उष्णतेने आखडलेले स्नायू सैल होतात आणि जमिनीवर असह्य वाटणारी हालचाल तेथे साधते. फ्रान्समधील तीन स्नानकेंद्रांत 462 रुग्णांवर झालेल्या व 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरच्या व्यायामाला तीन आठवड्यांत 18 दिवसांच्या उष्णोदक-उपचाराची जोड मिळालेल्यांपैकी सुमारे 51 टक्के, तर ती न मिळालेल्यांपैकी सुमारे 36 टक्के रुग्णांना सहा महिन्यांनंतर लक्षणीय आराम होता. झिजलेली कूर्चा पाण्याने पुन्हा भरून येत नाही, आणि हृदयविकार वा अनियंत्रित रक्तदाब असलेल्याने वैद्याच्या सल्ल्यावाचून उन्ह पाण्यात उतरू नये, हेही तितकेच खरे.

मागे वळून पाहताना जाणवते ते हे, की आजीची श्रद्धा उणी नव्हती, उणे पडले ते दिवस. कारण रोजंदारीवर पोट असलेल्या बाईला तीन आठवड्यांची मजुरी बुडवून परमुलखात राहणे परवडत नाही. म्हणून कोमट पाण्याचा साधा हौद आणि व्यायाम शिकवणारे जाणते माणूस तिच्या तालुक्याच्या दवाखान्यातच असले पाहिजे. ज्या मुलखात दरसाल हळद शिजवण्यासाठी कढया चढतात, त्या मुलखात हळद पिकवणारीच्या गुडघ्यांसाठी पाणी तापवणे अवघड नाही.