आंबे झेलायचा खेळ, थेट ब्राउझरमध्ये

एक साधा खेळ घेऊ. वरून आंबे पडताहेत आणि खालची टोपली सरकवून ते झेलायचे आहेत. हा खेळ बनवायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही की कुठल्या ॲप स्टोअरची परवानगी लागत नाही. टेक्स्ट एडिटर आणि ब्राउझर एवढे पुरते. पानाचा सांगाडा एचटीएमएलमध्ये, रूप सीएसएसमध्ये आणि खेळाचे नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहायचे. ही तिन्ही कुणा एका कंपनीच्या ताब्यात नाहीत, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. एकेकाळी ब्राउझरमधले कितीतरी खेळ ॲडोबी कंपनीच्या फ्लॅश या तंत्रात बनत. ॲडोबीने २०२०च्या अखेरीस फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१पासून त्यातले खेळ चालेनासे झाले. हौशी प्रोग्रामरांनी ‘रफल’ नावाचा, फ्लॅशची नक्कल करणारा इम्युलेटर लिहून त्यांतले बरेच वाचवले. पण एका कंपनीच्या निर्णयावर इतक्या लोकांची मेहनत अवलंबून असावी, हे मुळातच बरे नव्हते.

आता चित्र. त्यासाठी एचटीएमएलमध्ये कॅनव्हास आहे. ॲपलने तो २००४मध्ये मॅकच्या डॅशबोर्डसाठी आणला. पुढे तो सगळ्या ब्राउझरांनी उचलला आणि प्रमाणित झाला. कॅनव्हासबद्दल एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी. आपण त्यावर आंबा काढला, तरी त्याच्या लेखी ते नुसते रंगीत ठिपके असतात. ‘हा आंबा जरा खाली घे’ असे त्याला सांगता येत नाही. आंबा कुठे आहे, किती वेगाने पडतोय, हे सगळे आकड्यांच्या रूपात आपल्या जावास्क्रिप्टमध्ये असते. दर वेळी सगळा कॅनव्हास पुसायचा, आकडे बदलायचे आणि चित्र नव्याने काढायचे. हे पुसणे-काढणे इतक्या झपाट्याने होते की डोळ्याला आंबा पडताना दिसतो.

हे चक्र फिरवते कोण? ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ नावाचे फंक्शन. स्क्रीन पुढचे चित्र दाखवायच्या बेतात आली की ब्राउझर आपले फंक्शन बोलावतो आणि सोबत त्या क्षणाची वेळ मिलिसेकंदांत देतो. या वेळेकडे नवखे लोक काणाडोळा करतात, आणि खेळ बिघडतो तो इथेच.

समजा, दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या दर नव्या चित्राला, आंबा ५ पिक्सेल खाली घ्यायचा असे आपण लिहिले. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या स्क्रीनवर तो सेकंदात ३०० पिक्सेल उतरेल. तोच खेळ १२० फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर उघडला की आंबा ६०० पिक्सेल उतरतो. म्हणजे ज्याचा फोन भारी, त्याला खेळ दुप्पट अवघड! म्हणून वेग ‘सेकंदाला ३०० पिक्सेल’ असाच लिहून ठेवावा आणि मागच्या फ्रेमपासून जेवढा वेळ गेला, त्याने त्याला गुणावे. ६०च्या स्क्रीनवर दोन फ्रेममधले अंतर साधारण १६.७ मिलिसेकंद असते, तेव्हा आंबा ५ पिक्सेल सरकतो. १२०च्या स्क्रीनवर ते ८.३ असते, तेव्हा अडीच पिक्सेल. सेकंदाअखेर आंबा दोन्हीकडे एकाच जागी पोचतो. एका गुणाकाराने सगळ्या फोनांना न्याय मिळतो.

यातून एक नवा पेच निघतो. खेळणाऱ्याने मध्येच दुसरा टॅब उघडला, तर ब्राउझर आपले फंक्शन बोलावायचे थांबवतो. दहा सेकंदांनी तो परतला की मधला वेळ दहा सेकंद भरतो आणि आंबा एका उडीत ३००० पिक्सेल खाली, टोपलीच्या पार पलीकडे जातो. उपाय सोपा आहे. मधला वेळ ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त आला, तर तो ५०च धरायचा.

टोपली हलवताना कीबोर्डवरही भिस्त अशीच जपून ठेवावी. बाणाची कळ दाबून धरली की पहिली खूण येते, मग क्षणभर काहीच नाही, मग खुणांची रांग लागते. त्या खुणांवर टोपली हलवली तर ती अडखळत चालते. त्याऐवजी ‘डावी कळ दाबलेली आहे’ एवढीच नोंद ठेवायची, कळ सुटली की ती खोडायची आणि टोपली फ्रेमच्या चक्रातच सरकवायची. फोनवर बोटासाठी पॉइंटर इव्हेंट वापरावेत आणि सीएसएसमध्ये कॅनव्हासपुरते ‘टच-ॲक्शन’ बंद करावे, नाहीतर बोटाबरोबर पानच सरकू लागते.

आंबा झेलला की नाही, हे चार तुलनांत कळते. आंबा आणि टोपली दोन्ही चौकोन धरायचे; आडवे आणि उभे, दोन्ही दिशांनी ते एकमेकांवर आले असतील तर गुण द्यायचा. आवाजाचे मात्र ध्यानात ठेवा: खेळणाऱ्याने पानाला हात लावेपर्यंत ब्राउझर सहसा आवाज करू देत नाही. सुरुवातीला ‘खेळ सुरू करा’ असे बटण ठेवले की काम भागते.

हाच खेळ मुलांना भाषा शिकवायला वापरता येतो. आंब्यांवर अक्षरे लिहायची आणि ती क्रमाने झेलून शब्द पुरा करायचा. इथे देवनागरीची खास अडचण येते. जावास्क्रिप्टला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ५ येते, कारण काना आणि वेलांटी ती वेगळ्या मोजते. तिच्या हिशेबाने तुकडे पाडले, तर एका आंब्यावर नुसता काना लटकलेला दिसेल. ‘इंटल सेगमेंटर’ हे साधन म, रा, ठी असे तीन तुकडे नीट पाडते. जोडाक्षरांत मात्र जुने ब्राउझर ‘क्ष’चेही दोन भाग करतात. तेव्हा शब्दांची यादी लहान असेल, तर प्रत्येक शब्दाची अक्षरे हातानेच वेगळी लिहून ठेवावीत. तासाभराचे काम आहे, आणि ते कुठल्याही ब्राउझरवर बिनचूक चालते.