हरल्याच्या दुसऱ्या दिवशी

अठरा वर्षांखालील मुलींच्या तीन हजार मीटरच्या शर्यतीत ती अकरावी आली. वेळ ११ मिनिटे २३ सेकंद. सरावात मात्र ती ११ मिनिटांच्या आसपास पळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाशिकच्या मैदानावर आली खरी, पण बुटाच्या लेस न बांधताच कट्ट्यावर बसून राहिली. जर्सीही कालचीच, चेस्ट नंबरच्या सेफ्टी पिना तशाच टोचलेल्या. आई हळूच म्हणाली, "काल रात्री जेवलीच नाही. सोडून देते म्हणतेय."

मी या मैदानावर मुलांच्या लॅपच्या वेळा लिहून घ्यायला बसते. जिंकून आलेल्या मुलांची दुसरी सकाळ सोपी असते, तिथे प्रशिक्षकाला फारसं काही करावं लागत नाही. खरं काम असतं ते अशा सकाळी.

सरांनी शर्यतीचा विषयच काढला नाही. आधी दोन केळी आणि शेंगदाण्याची चिक्की तिच्या हातात ठेवली. मग म्हणाले, "वीस मिनिटं मातीवरून मोकळं पळ. मैत्रिणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, एवढंच हळू." पोटऱ्या दुखतायत, लॅक्टिक अॅसिड साचलंय, अशी तिची तक्रार होती. हा समज मैदानावर सगळीकडे आहे. प्रत्यक्षात लॅक्टेट शर्यतीनंतर तासाभरातच रक्तातून निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात त्या स्नायूंना झालेल्या बारीक इजा. हलक्या पळण्याने पाय मोकळे होतात, भरून यायला मात्र जेवण आणि झोपच लागते.

ती घामेजून परतल्यावर सरांनी वही उघडली. चारशे मीटरच्या ट्रॅकवर तीन हजार म्हणजे साडेसात फेऱ्या, त्यामुळे आधी अर्धी फेरी आणि मग सात पूर्ण. अर्धी फेरी ४४ सेकंदांत काढायचं ठरलं होतं. तिने काढली ३९मध्ये. पुढचे आकडे होते ८२, ८८, ९४, ९७, ९८, ९६ आणि शेवटची फेरी ८९.

"सगळ्याजणी सुटल्या सर, म्हणून मीपण सुटले."

ते पाच सेकंद मधल्या चार फेऱ्यांनी वसूल केले. शरीर जेवढा ऑक्सिजन पुरवू शकतं त्याच्या वरच्या वेगाने सुरुवात केली की पाय लवकर जड होतात, पावलं आखूड पडायला लागतात, आणि शर्यत चालू असताना त्यातून सावरायला वाव फार कमी मिळतो. ती कमी पडली नव्हती, पेस चुकली होती. सरांनी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे ८९ बघ. संपलेल्या माणसाला शेवटची फेरी अशी निघत नाही." तिने वही स्वतःकडे ओढून घेतली आणि पुन्हा वरपासून वाचायला लागली. परवापासून दोनशे मीटरचे तुकडे, घड्याळ न बघता, बरोबर ४४मध्ये. एवढंच काम तिला मिळालं.

अविनाश साबळेचं उदाहरण तोवर दोघा-तिघांनी तिला ऐकवून झालं होतं. ते खरंच आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा धावपटू ऑगस्ट २०२३मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत स्टीपलचेसच्या हीटमध्येच बाहेर पडला, आणि दीड महिन्याच्या आत हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ८ मिनिटे १९.५० सेकंदांच्या स्पर्धाविक्रमासह सुवर्ण घेऊन आला. पण उपाशी, रडवेल्या मुलीला हे त्याच संध्याकाळी ऐकवलं, तर तिला त्यात फक्त स्वतःचं कमीपण ऐकू येतं. आधी तिचे स्वतःचे आकडे तिला समजू द्यावेत, साबळे नंतर.

घरी परतताना गाडीत मोबाइलवर शर्यतीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावणाऱ्या पालकांविषयी मला मनापासून काळजी वाटते. चौदा ते सतरा या वयात मुलींचं शरीर झपाट्याने बदलतं, आणि एखादा हंगाम वेळ सुधारत नाही हे अगदी नेहमीचं आहे. त्यात पाळी आणि अपुरा आहार यांमुळे लोह कमी पडतं, आणि लांब पल्ल्याच्या पळण्यात ते लगेच जाणवतं. म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे: त्या रात्री मुलीला पोटभर जेवू घाला, व्हिडिओ राहू द्या, आणि दम लवकर लागतोय असं ती आठवडेच्या आठवडे सांगत असेल तर तिला बोल लावण्याआधी तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या.