नकाशांतील उत्तर कॅनडा

श्रोतेहो, आज उत्तर कॅनडाच्या सफरीला निघावयाचें आहे. घरांत अ‍ॅटलास असेल तर तो उघडून पुढ्यांत घ्यावा; पृथ्वीचा गोल असेल तर फारच उत्तम.

गोल एवढ्यासाठीं कीं, भिंतीवरचा जगाचा नकाशा पुष्कळदां मर्केटरच्या पद्धतीचा असतो. मर्केटरनें ती 1569 सालीं खलाशांच्या सोयीसाठीं बसविली. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या गलबताचा मार्ग तींत सरळ रेषेनें दाखवितां येतो. या सोयीपायीं उत्तरेचा प्रदेश मात्र भलताच फुगतो. 60 अक्षांशावर अंतरें दुप्पट दिसतात, म्हणजेच क्षेत्रफळ चौपट. 70 अक्षांशावर तें आठपटींच्या वर जातें. ग्रीनलंड आफ्रिकेएवढें वाटतें. प्रत्यक्षांत आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. माझ्या वर्गांतील मुलें तरीही दरवर्षीं ग्रीनलंडच्याच बाजूनें मत देत!

हा फुगवटा वजा केला तरी उत्तर कॅनडा लहान ठरत नाहीं. 1999 सालीं निराळा झालेला एकटा नूनावुत प्रांत सुमारें 21 लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेसहापटींहून मोठा आहे. वस्ती 2021 च्या खानेसुमारींत 37 हजारांच्या आंत भरली. झाडीची सीमा येथें अक्षांशाला धरून चालत नाहीं. मॅकेंझी नदीच्या मुखाकडून ती आग्नेयेस उतरते व हडसन उपसागराच्या कांठीं चर्चिलजवळ येते. तिच्या पलीकडे खडक, शेवाळ, तळीं आणि रेनडियरचे कळप.

या उजाड मुलखांतून सॅम्युअल हर्न 1770 च्या डिसेंबरांत चर्चिलहून पायीं निघाला. तांब्याच्या खाणींचा शोध घ्यावयाचा होता. पुढील जुलैंत तो कॉपरमाइन नदीच्या मुखाशीं, उत्तर महासागरावर पोंचला. त्यानें मांडलेला मुखाचा अक्षांश जवळजवळ चार अंशांनीं, म्हणजे चारशें किलोमीटरांहून अधिक, उत्तरेकडे सरकला होता. वाट मात्र चुकली नाहीं; कारण ती मतोनब्बी या चिपेवायन नायकाला पाठ होती. हर्नचे आधीचे दोन प्रयत्न मतोनब्बीवांचून झाले होते, आणि ते दोन्ही फसले होते.

आपल्या नकाशावर जागा कोरी दिसली कीं ती कोणालाच ठाऊक नाहीं असें समजण्याची खोड आपणांस लागलेली असते. फॉक्स बेसिनमधील प्रिन्स चार्ल्स बेट पाहा. गोव्याच्या अडीचपट एवढें हें बेट, पण नकाशांवर तें चढलें 1948 सालीं कॅनडाच्या हवाई दलानें वरून छायाचित्रें घेतल्यावर! तेथील इनुइट लोकांना तें पूर्वीपासून माहीत होतें. त्यांना विचारलें कोणी नाहीं, एवढेंच.

नांवांचीही तीच गोष्ट. जुन्या अ‍ॅटलासांत बॅफिन बेटाच्या दक्षिण भागीं फ्रोबिशर बे हें गांव सांपडेल. 1987 पासून तें इकालुइत झालें आहे, म्हणजे पुष्कळ माशांचें ठिकाण. हर्न जेथें पोंचला तेथील कॉपरमाइन गांवानेंही 1996 सालीं कुग्लुक्तुक हें नांव घेतलें. त्याचा अर्थ वाहत्या पाण्याची जागा. नदी मात्र नकाशावर अद्याप कॉपरमाइनच आहे.